त्यांचं राहिलेलं आणि तिचं सुरू झालेलं: एका हवालदाराच्या थकीत पेन्शनचं प्रकरण

सैन्यात क्लार्क होतो. पेन्शनवर आल्यापासून माजी सैनिकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे कागद बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. हे प्रकरण त्यातलंच एक. कुटुंबाच्या संमतीने लिहितोय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गाव आणि पलटण सांगत नाही, घरातल्या तारखा थोड्या सरकवल्या आहेत, आणि हवालदारांची मूळ पेन्शन सरळ २०,००० रुपये धरली आहे. त्यावरचा हिशोब मात्र नियमाप्रमाणे आहे. कुणाला आपला आकडा घालून पाहायचा असेल तर पाहता येईल.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. इथे दर भावकीत एक तरी फौजी सापडतो. हे हवालदार १९६१ मध्ये भरती झाले, पासष्ट आणि एकाहत्तर ही दोन्ही युद्धं त्यांनी पाहिली, १९८० मध्ये पेन्शनवर आले. पुढे बारा वर्षं मुंबईत वॉचमनची नोकरी केली आणि मग गावी येऊन शेती बघितली. ९ मार्च २०२३ रोजी ते गेले. वय ८१.

मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. पत्नीला पुढे आजी म्हणतो, सगळा गाव तसंच म्हणतो. थोरला चिंचवडला कंपनीत, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला, धाकटा गावात आईवडिलांपाशी. शेवटची चार वर्षं वडिलांचं उठवणं-बसवणं, दवाखाना, सगळं धाकट्याने आणि त्याच्या बायकोने केलं. हे मुद्दाम आधी लिहितो. पुढे त्याच्या हातून जे झालं ते वाचताना हे विसरू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आजी माझ्याकडे आल्या. एकट्या, एसटीने. कापडी पिशवीत डिस्चार्ज बुक, जुना पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, तीन पासबुकं आणि मृत्यूचा दाखला. म्हणाल्या, "मालक जाऊन तीन महिनं झालं. पेन्शन अजून येतीया. मला हे बरं दिसंना."

अडचण काय होती

मृत्यू कुठेच कळवला नव्हता. ग्रामपंचायतीत नोंद झाली, दाखला निघाला, पण तो पेन्शनच्या यंत्रणेपर्यंत कुणी नेला नाही. हयातीचा दाखला आदल्या नोव्हेंबरात दिलेला होता, त्यामुळे मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिन्यांची पेन्शन हवालदारांच्या खात्यात नेहमीसारखी जमा झाली आणि धाकट्याने एटीएममधून काढली.

त्याला मी बोलावून घेतलं. तो घाबरला होता, पण खोटं बोलला नाही. त्याचं म्हणणं असं होतं. वडील गेल्यानंतर अकराव्या दिवशी, म्हणजे २० मार्च २०२३ ला, 'समान पद, समान पेन्शन'च्या (एकाच पदाच्या, तितक्याच सेवेच्या जुन्या-नव्या फौजींना सारखी पेन्शन) थकबाकीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. बातम्यांत दिवसभर तेच होतं: कौटुंबिक पेन्शनधारक आणि शौर्यपदकधारक यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढच्या पेन्शनरांना ३० जूनपर्यंत आणि उरलेल्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत थकबाकी द्यायची. वडील ऐंशीच्या पुढचे. म्हणजे जूनअखेर त्यांच्या खात्यात पैसे येणार. मृत्यू कळवला तर खातं गोठेल आणि ती रक्कम बुडेल, असं त्याला एका ओळखीच्याने सांगितलं. म्हणून जूनपर्यंत गप्प बसायचं ठरलं.

हा समज मी कितीतरी घरांत पाहिला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. माणूस जिवंत असताना जे पैसे त्याला लागू झाले, ते त्याच्या जाण्याने बुडत नाहीत. फौजेच्या कागदांत त्याला 'लाइफ टाइम एरियर्स' म्हणतात, बोलताना आम्ही एलटीए म्हणतो. ती थकबाकी वारसांना मिळते. मृत्यू लपवल्याने ती वाचत नाही, उलट घरावर वसुली येते आणि पुढचे सगळे कागद संशयाने बघितले जातात.

दुसरी गाठ नावाची. पीपीओवर पत्नीचं नाव होतं ते माहेरचं, आधार आणि पासबुकावर सासरचं. भरतीनंतर लग्न झालं तेव्हा पलटणीत जे नाव सांगितलं गेलं ते कागदावर राहिलं, आणि लग्नात तांदळात लिहिलेलं नाव घरात रुजलं. आपल्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास आहे की तिला चूक म्हणवत नाही. पण पडताळणी करणाऱ्याला दोन नावं म्हणजे दोन बाया दिसतात.

तिसरी गाठ मला बँकेतल्या जुन्या कागदात सापडली. पेन्शनच्या थकबाकीसाठी नामनिर्देशन करायची सोय १९८३ च्या नियमांनी झाली. हवालदारांनी १९८४ मध्ये तो फॉर्म भरला होता, आणि नॉमिनी म्हणून नाव होतं त्यांच्या आईचं. तेव्हा ते मुंबईत होते, गावाकडचं घर आई चालवायची, मुलं लहान. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. आई १९९६ मध्ये गेली. नॉमिनी आधी वारला तर दुसरा कोण, हा रकाना त्याच फॉर्मवर असतो. तो कोरा होता. फॉर्म पुन्हा कुणी भरला नाही. नॉमिनी हयात नसेल तर ते नामनिर्देशन नसल्यातच जमा.

चौथी गोष्ट कुणाच्याच ध्यानात नव्हती, आणि रकमेच्या दृष्टीने तीच मोठी निघाली.

पासबुकात न दिसलेली वाढ

मी पासबुक चाळताना नेहमी एक गोष्ट बघतो: माणसाला ऐंशी पूर्ण झाली त्या महिन्यात आकडा उडी मारतो का. सहाव्या वेतन आयोगापासून ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. जन्मतारीख महिन्यातली कुठलीही असो, वाढ त्या महिन्याच्या १ तारखेपासून धरतात. कौटुंबिक पेन्शनलाही हाच नियम आहे.

डिस्चार्ज बुकात हवालदारांची जन्मतारीख जुलै १९४१ ची. म्हणजे १ जुलै २०२१ पासून वाढ लागायला हवी होती. पासबुकात तेव्हा काहीच हललेलं नव्हतं. पीपीओ उघडला तर जन्मतारखेचा रकाना रिकामा. जुन्या पीपीओंत हे फार आढळतं, कारण ते कागद बनले तेव्हा ऐंशीनंतरची वाढ हा प्रकारच नव्हता. बँकेने विचारलं नाही, घरच्यांना माहीत नव्हतं, आधारवर तर जन्मसाल १९४५ पडलेलं. वीस महिने आणि नऊ दिवस एक हक्काची रक्कम कुणी मागितली नाही म्हणून पडून राहिली.

हिशोब असा. २०,००० चे २० टक्के म्हणजे ४,०००. त्यावर महागाई सवलत. जुलै ते डिसेंबर २०२१ मध्ये ती ३१ टक्के होती, म्हणून सहा महिन्यांचे ३१,४४०. जानेवारी ते जून २०२२, ३४ टक्के, ३२,१६०. जुलै ते डिसेंबर २०२२, ३८ टक्के, ३३,१२०. जानेवारी २०२३ पासून ४२ टक्के, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचे ११,३६०, आणि मार्चच्या नऊ दिवसांचे साधारण १,६५०. सगळे मिळून एक लाख नऊ हजार सातशेच्या आसपास. शिवाय जुलै २०१९ पासूनच्या 'समान पद, समान पेन्शन'ची थकबाकी वेगळी.

हे आकडे मी आजींना सांगितले तेव्हा त्या पैशांबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, शेवटच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन पैशांपायी राहिलं. त्यावर मला बोलता आलं नाही.

आधी पैसे दोन ढिगांत वेगळे केले

या कुटुंबात, आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांत, सगळा घोळ एका गोष्टीमुळे होता. "पेन्शनचे पैसे" असा एकच शब्द सगळे वापरत होते. प्रत्यक्षात ते दोन वेगळे पैसे होते, दोन वेगळ्या कायद्यांचे.

एक, त्यांचं राहिलेलं. ९ मार्चपर्यंतची, तो दिवस धरून, जी पेन्शन आणि वाढ हवालदारांना मिळायला हवी होती पण मिळाली नाही ती. ही त्यांची मालमत्ता. नॉमिनी असता तर रक्कम त्याच्या हाती गेली असती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या डिसेंबर १९८३ च्या निकालात विम्याच्या बाबतीत हे स्पष्ट केलं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, हक्क वारसांचा राहतो. पेन्शनच्या थकबाकीकडेही मी त्याच नजरेने बघतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे इथे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे वाटे पडतात. हवालदारांची आई हयात असती तर तिचा पाचवा.

दोन, तिचं सुरू झालेलं. १० मार्चपासूनची कौटुंबिक पेन्शन. ही हवालदारांची मालमत्ता कधीच नव्हती, त्यांच्या मृत्यूनंतरच ती जन्माला आली आणि थेट आजींच्या नावाने. तिच्यात मुलांचा वाटा नाही, ती मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. व्हायोलेट इसाक विरुद्ध भारत सरकार या १९९१ च्या निकालातल्या प्रकरणात एका रेल्वे कर्मचाऱ्याने भावाच्या नावाने मृत्युपत्र केलं होतं. न्यायालयाने सांगितलं की कौटुंबिक पेन्शन मृताच्या इस्टेटीत मोडत नाही, नियमांत ज्यांचं नाव बसतं त्यांचीच ती.

मी वहीचं पान मधोमध दुमडून दोन्ही बाजूंना हे लिहिलं आणि तिन्ही मुलांना फोटो पाठवला. त्या एका पानाने निम्मं भांडण मिटलं. थोरल्याला वाटत होतं की आईची पेन्शनही चौघांत वाटायची. धाकट्याला वाटत होतं की आईला पेन्शन मिळणार म्हणजे थकबाकीही आपोआप तिचीच. दोघेही अर्धे चुकत होते.

पहिला निर्णय: जादा आलेल्या पैशांचं काय

मार्चच्या उरलेल्या २२ दिवसांचे आणि एप्रिल-मेचे मिळून सुमारे ७७,००० रुपये जादा उचलले गेले होते. तीन वाटा होत्या. गप्प राहून जूनच्या थकबाकीची वाट बघायची, हा धाकट्याचा मूळ बेत. ताबडतोब सगळी रक्कम भरून टाकायची, पण त्यातले बरेच पैसे कार्याला आणि दवाखान्याच्या उधारीला गेले होते, भरायचे तर कर्ज काढावं लागलं असतं. किंवा आपणहून लेखी कळवायचं, चूक मान्य करायची, आणि आईच्या कौटुंबिक पेन्शनच्या थकबाकीतून वळती करून घ्यायची विनंती करायची.

पहिली वाट मी ऐकूनही घेतली नाही. मेलेल्या माणसाची पेन्शन जाणूनबुजून उचलत राहणं हा गुन्हा होऊ शकतो. तिसरी निवडली. त्याच दिवशी सेवा केंद्रातून 'स्पर्श'वर, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर, मृत्यूची नोंद केली (हवालदारांची पेन्शन काही महिन्यांपूर्वीच बँकेकडून तिकडे गेली होती), खात्यातून पैसे काढणं बंद केलं, आणि पत्रात महिनावार किती आले, किती काढले ते लिहिलं. कार्ड माझ्यासमोर कापलं.

इथे माझ्याकडून एक राहिलं. वळती आईच्या पेन्शनमधून होणार, पण पैसे वापरले धाकट्याने. म्हणजे वसुली तिच्या हक्कातून, खर्च दुसऱ्याचा. मी ते तेव्हा बोललो नाही, थोरल्याने नंतर बोलून दाखवलं आणि ते योग्यच होतं. शेवटी धाकट्याने ती रक्कम आईला हप्त्याने द्यायची असं ठरलं. पहिल्याच बैठकीत ठरलं असतं तर चार महिने दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले नसते.

दुसरा निर्णय: नाव बदलायचं की ओळख पटवायची

तालुक्याला एका एजंटाने आजींना राजपत्रात नाव बदलून घ्यायला सांगितलं होतं. आजी अर्जाचे पैसेही देऊन बसल्या होत्या. मी ते थांबवलं. राजपत्रातल्या नोंदीने "यापुढे माझं नाव असं" एवढंच सिद्ध होतं. आमचा प्रश्न यापुढचा नव्हताच. पीपीओवरची ती बाई आणि समोर बसलेली ही बाई एकच, एवढंच सांगायचं होतं.

त्यासाठी पुरावे फौजेच्याच कागदांत होते. डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर पत्नीचं माहेरचं नाव आणि खाली तिन्ही मुलांची नावं, जन्मसालांसह. मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईचं सासरचं नाव. मुलं तीच, बाप तोच, म्हणजे आई तीच. याला जोड म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि पेन्शनच्या वेळचा दोघांचा एकत्र फोटो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतात, त्यांच्याकडून कागद तपासून साक्षांकित करून घेतले आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवले. तिथे शीट रोलशी, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदीशी, पडताळून पार्ट टू ऑर्डर (नोंदीतल्या बदलाचा आदेश) निघाली की नावाची दुरुस्ती पुढे प्रयागराजला पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयात जाते.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिला संच सव्वादोन महिन्यांनी परत आला, कारण प्रतिज्ञापत्रात फौजी नंबर लिहिताना शेवटचं अक्षर गाळलं होतं. ते मीच लिहून दिलं होतं. फौजी नंबराच्या शेवटी असलेलं ते इंग्रजी अक्षर पडताळणीसाठी असतं, हे मला चांगलं माहीत, तरी हात चुकला. आजींचे दोन महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून नंबर मी डिस्चार्ज बुक समोर ठेवून दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घेतो.

तिसरा निर्णय: दोन्ही दावे एकत्र की वेगळे

सेवा केंद्रातला मुलगा भला होता, पण सगळं एकाच फाइलीत पाठवूया म्हणत होता. मी नको म्हटलं. कौटुंबिक पेन्शनसाठी वारस ठरवायची गरज नव्हती, पत्नी हयात आहे आणि पीपीओवर आहे, नावाची गाठ सुटली की झालं. थकबाकीला मात्र नॉमिनी नव्हता, म्हणजे वारसांचे कागद आणि चौघांच्या सह्या. एकत्र पाठवलं असतं तर वारसांचा वाद मिटेपर्यंत म्हातारीचा दरमहाचा घास अडकला असता. वेगळं केलं म्हणून तिची पेन्शन वादाबाहेर राहिली. या सगळ्या प्रकरणात माझा हा एक निर्णय पूर्ण बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

चौथा निर्णय, आणि एक शब्द

नॉमिनी नसल्यावर थकबाकी कशी मिळवायची? एक वाट दिवाणी न्यायालयाची: भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ खाली वारसा प्रमाणपत्र. वकील, न्यायालय शुल्क, वर्तमानपत्रात नोटीस, तारखा. दुसरी, महसूल खात्याचा वारस दाखला आणि बाकीच्या वारसांची नोटरी केलेली संमती. कुठला कागद चालेल हे तोंडी विचारू नये, प्रत्येक खिडकीवर वेगळं उत्तर मिळतं. आम्ही लेखी विचारलं. वाद नसेल आणि सगळ्या वारसांची संमती असेल तर वारस दाखला चालेल, असं उत्तर आलं. दुसऱ्या कुणाला हेच उत्तर मिळेल असं समजू नये, आपलं पत्र आपण पाठवावं. सातबाऱ्यावर वारस नोंद लागली म्हणजे काम झालं, असंही बऱ्याच जणांना वाटतं. ती जमिनीची नोंद, तिचा इथे उपयोग नाही.

संमतीचा मसुदा मी नोटरीकडच्या तयार नमुन्यावरून करून घेतला. थोरल्याने सही केली. डोंबिवलीहून मुलीने कागद तसाच परत पाठवला, सही न करता.

गावात लगेच सुरू झालं: पोरीला पैसा हवाय, जावयाने फितवलंय. धाकटा तर म्हणाला, चला कोर्टात. मी तिला फोन केला. ती पंधरा मिनिटं बोलली आणि एकदाही पैशांचं बोलली नाही. म्हणाली, काका, कागदावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय का?

मी पुन्हा वाचलं. त्यात लिहिलं होतं, "मयताच्या मिळकतीवरील माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे." हक्कसोड. आपल्याकडे बहिणींकडून जमिनीसाठी लिहून घेतात तो शब्द. उद्या हाच कागद घेऊन कुणी तलाठ्याकडे गेलं तर, असं तिच्या मनात आलं, आणि का येऊ नये? ती सही करणार होती ती आईला पेन्शनची रक्कम मिळावी म्हणून, आणि कागद तिच्याकडून वडिलांचं घरच सोडवून घेत होता. शिवाय वडील गेल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. कागद कुरिअरने आला, सोबत फोनही नाही.

ही चूक माझी. तयार नमुना घेतला, वाचला नाही. नवा मसुदा मी स्वतः लिहिला: हवालदारांच्या पेन्शनची ९ मार्च २०२३ पर्यंतची थकबाकी आईच्या खात्यात जमा करायला संमती आहे, ही संमती फक्त या रकमेपुरती आहे, अन्य कुठल्याही मिळकतीवरील हक्काशी तिचा संबंध नाही. आधी तिला वाचून दाखवला, तिने एक ओळ सुधारली. थोरल्यालाही जुना कागद रद्द करून हाच दिला, म्हणजे भावाला एक आणि बहिणीला एक असं नको. ती सही करायला स्वतः गावी आली आणि दोन दिवस आईजवळ राहिली.

काय निष्पन्न झालं

कौटुंबिक पेन्शन नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १० मार्चपासूनच्या थकबाकीसह. जादा गेलेले पैसे त्यातून वळते झाले. आजींना दरमहा मिळणारी रक्कम बघून सगळ्यांनाच धक्का बसला, म्हणून आधी सांगून ठेवायला हवं होतं: हवालदारांची मूळ पेन्शन २०,००० असेल तर आजींची साधारण १२,००० होते. मृत्यूनंतर काही काळ वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांच्या दराने, मिळते ती सात वर्षं किंवा मृत माणूस ६७ चा झाला असता तोवर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. ८१ व्या वर्षी गेलेल्या माणसाच्या पत्नीला ती लागू नाही, तिला ३० टक्क्यांचा साधा दर. घर दोघांवरून एकावर आलं तरी विजेचं बिल आणि औषधं निम्मी होत नाहीत, हे खरंच आहे.

हवालदारांच्या जन्मतारखेसाठी डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत आणि वारसांचे कागद असा दुसरा दावा डिसेंबरात गेला. आधारवरच्या १९४५ बद्दल एकदा शंका आली, सेवेच्या कागदातली तारीख ग्राह्य धरली गेली. ऐंशीनंतरच्या वाढीची आणि 'समान पद, समान पेन्शन'ची थकबाकी ऑगस्ट २०२४ मध्ये आजींच्या खात्यात आली. म्हणजे माणूस गेल्यापासून सतरा महिने.

त्या रकमेचे चार वाटे झाले नाहीत. मुलांनी ती आईकडेच ठेवली, आणि मुलीने पहिली अट घातली की त्यातून आईचा मोतीबिंदू काढायचा. दोन्ही डोळे झाले.

पुन्हा करायचं झालं तर

मृत्यू कळवायला उशीर झाला तो अज्ञानामुळे, आणि ते अज्ञान मी आधी दूर करू शकलो असतो. मयताला मी गेलो होतो. सांत्वन करून परत आलो. दहाव्याला गेलो तेव्हा तरी धाकट्याला बाजूला घेऊन "दाखला निघाला की लगेच कळव, पैसे बुडत नाहीत" एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. दुःखाच्या घरी पैशांचं बोलू नये असं आपल्याला वाटतं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कुणीतरी चुकीचं सांगून जातो. आता मी बोलतो.

दुसरं, मी तिन्ही मुलांना एकत्र कधी बसवलंच नाही. प्रत्येकाशी वेगळं बोललो, आणि माझ्यामार्फत निरोप फिरत राहिले. मुलीला तर शेवटी गाठलं. वारस म्हणून तिचा हक्क भावांइतकाच, तर पहिला फोनही भावांइतकाच लवकर जायला हवा होता.

तिसरं जिवंत माणसांचं. गावातल्या एकोणीस पेन्शनरांचे पीपीओ मी गेल्या वर्षी बघितले. जन्मतारीख आहे का, पत्नीचं नाव आधारशी जुळतं का, नॉमिनी हयात आहे का, एवढ्या तीनच गोष्टी. पाच जणांत काही ना काही निघालं. दोघांच्या नॉमिनी अजून त्यांच्या वारलेल्या आया आहेत. त्यातले एक सुभेदार म्हणाले, आईचं नाव खोडायला हात उचलत नाही. मी फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवून आलो, आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा सही झालेली होती.

आजींच्या फाइलीचं काम अजून संपलेलं नाही. नवा पीपीओ हातात आला तेव्हा मी सगळ्यात आधी जन्मतारखेचा रकाना बघितला. तो भरलेला होता, पण साल दोनने चुकलेलं. आजी ऑक्टोबर २०२७ मध्ये ऐंशीच्या होतात आणि २० टक्क्यांची वाढ त्या १ तारखेपासून लागायला हवी. दुरुस्तीचा अर्ज पाठवला आहे, पोच फाइलीत लावली आहे, आणि कव्हरवर लाल पेनने तो महिना लिहून ठेवला आहे. मी नसेन तर कुणाला विचारायचं म्हणून त्याखाली मुलीने स्वतःचा नंबर लिहिला आहे.